दस्तीला तिकीट नसतं

ही गोष्ट ऐकून कुणी विश्वास ठेवला, तर मिशी उतरवायची तयारी आहे. आजवर अकरा जणांना सांगितली. नऊ जण हसत उठून गेले, दहाव्यानं वैद्याचा पत्ता दिला आणि अकरावा बसल्या जागी झोपला. तरी गोष्ट खरी आहे. इतकी खरी, की सांगणाऱ्यालाच अधूनमधून खोटी वाटते.

"लांब हाय का, आश्रुबाकाका?" बायनाबाईनं घागर पालथी घातली आणि तिच्यावरच बैठक मारली. "न्हाई म्हंजे, पाणी येईस्तोवर संपंल ना?"

पाणी येईस्तोवर बरोबर संपेल. लाईट येऊन अर्धा तास झालाय, आता काय, आलंच समजा. टाकीखालच्या खोलीत आमची प्रियांका संगणकापुढं बसलीय, दार लावून. पोरगी काम करताना दार लावते, त्यात कान टवकारण्यासारखं काही नाही. भागवतराव, तुम्हीही फटफटी बंद करा आणि कट्ट्यावर टेका जरा. पंचायतीच्या मेंबरानं असं उन्हात ताटकळलेलं बरं दिसत नाही. ज्याला फारच घाई असेल त्यानं टाकीवरच्या दिव्याकडं बघत बसावं. मोटर चालू झाली की दिवा हिरवा होतो, तोवर लाल. हे काय नव्यानं सांगायला नको.

आधीच एक खुलासा करून ठेवतो. ही गोष्ट आपल्या गावची नाही. जिंतूरच्या पलीकडं, डोंगराच्या पोटाला एक गाव आहे. नाव सांगितलं तर तिथले लोक जीप करून भांडायला येतील, म्हणून सांगत नाही. तिथंही अशीच टाकी, टाकीवर असाच दिवा आणि तिथंही एक पाणीवाला. सुग्रीव त्याचं नाव.

"आन त्याला बी एक लेक आसंल," बायनाबाई म्हणाली. "संगणक शिकलेली."

आहे. वैष्णवी. लेकी काय एका आपल्याच गावात शिकतात?

तर हा सुग्रीव एकोणतीस वर्षं त्या गावाला पाणी पाजत होता. विहीर नदीकाठी, गावापासून अडीच हजार पावलांवर, पावलं सुग्रीवची. लाईट आली की तिथं जायचं, स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं, टाकी भरली की लाल दाबायचं. काम कठीण नाही. कठीण एवढंच, की लाईट सांगून येत नाही. पोराबाळांनी "लाईट आलीऽऽ" म्हणून बोंब ठोकायची आणि ज्यानं त्यानं आपापल्या मोटरीकडं पळत सुटायचं, अशी तिकडची रीत. पण सुग्रीवला बोंब लागायची नाही. त्याचा अंगठाच तयार झालेला होता. लाईट अजून तारेतून फाट्यापाशी पोचायची असे आणि इकडं याच्या अंगठ्याला मुंग्या येत. एकदा एका लग्नात मंगलाष्टकं ऐन रंगात आली असताना लाईट आली. सुग्रीवनं हातातल्या अक्षता सोडल्या आणि पुढं उभ्या असलेल्या व्याह्याच्या पाठीत अंगठा खुपसला. तो व्याही अजून बोलत नाही.

हा अंगठा ध्यानात ठेवा. सगळी भानगड त्याचीच आहे.

दोन वर्षांपूर्वी सुग्रीवच्या नजरेच्या कडा जायला लागल्या. समोरचं दिसे, बाजूचं नाही. माणसं एकदम जमिनीतून उगवल्यासारखी पुढ्यात उभी राहत. मग कडांवरचं धुकं आत आत सरकत आलं. सुग्रीवनं कुणाला सांगितलं नाही. वाट पायांनी पाठ होती. चारशेव्या पावलाला बाभूळ, अकराशेव्याला नाला, तिथून उजवीकडं. माणूस आवाजावरून ओळखायचा, आणि त्यानं काही विचारायच्या आत आपणच दोन शब्द बोलून टाकायचे. दोनानं भागलं नाही तर गोष्ट सांगायची. गोष्ट ऐकणारा माणूस सांगणाऱ्याच्या तोंडाकडं बघतो, डोळ्यांकडं बघत नाही.

पण लेकीच्या नजरेतून सुटतंय होय? वैष्णवी दिवाळीला घरी आली होती. बापानं किटलीतला चहा बशीच्या शेजारी जमिनीवर ओतला, मग रिकामी बशी उचलून तिच्यावर फुंकर मारली. पोरगी दुसऱ्या दिवशी बियाणं आणायचं निमित्त काढून त्याला परभणीला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाला, काचबिंदू. गेलं ते परत यायचं नाही. राहिलंय तेवढं जपा, थेंब टाका, दर तीन महिन्याला दाखवा.

परतताना ती एवढंच म्हणाली, "अप्पा, पंचायतीला सांगून टाकू."

"सांगितलं की संपलं. सूर्यभान मेंबराचा भाचा माझ्या जागंवर कवापासून टपून बसलाय. आन्‌ ते जाऊ दे. गावात शिरलं की दहा जणं हाक मारत्यात, ओ पाणीवाले. उद्या मी कोण? खाटंवर टाकलेलं गाठोडं. मला खाटंवर बसवू नको, पोरी."

पोरीनं बसवलं नाही. तिचं पुण्यातल्या कंपनीचं काम घरूनच चालायचं, ती गावातच राहिली, आणि पंचायतीच्या अडगळीतला जुना संगणक मागून घेऊन टाकीखालच्या खोलीत मांडला. अशी तजवीज केली, की बापाला विहिरीवर जावंच लागू नये. बापाला समजेल असं सांगितलंही. "अप्पा, ऊस तोडायला निघालेली माणसं कसं भाकर, चटणी, मीठ समदं एका डब्यात भरून नेत्यात, म्हंजे कुठं बी उघडलं की जेवण तयार? तसा हा डबा. आमी कंटेनर म्हणतो. लाईट आली की डबा आपोआप उघडतो. आत एक सर्व्हिस हाय, ती उठते आन्‌ मोटर चालू करते. टाकी भरली की बंद करते. दिवा बी तीच बदलते."

"म्हंजे सालगडीच की."

"तसंच समजा."

तेव्हापासून सुग्रीव त्याला गडीच म्हणायला लागला. गडी उठला का, गडी झोपला का. गडी उठला, की सुग्रीवचा फोन एकदा वाजायचा. शिवाय एखाद्या दिवशी गडी उठलाच नाही तर, म्हणून वैष्णवीनं खिशात मावेल एवढं एक बटण करून दिलं. दाबलं, की गड्याला उठायचा हुकूम. "पर अप्पा, एक मिनिट थांबायचं. फोन वाजला न्हाई, तरच दाबायचं."

हे तिनं डोक्याला सांगितलं. अंगठ्याला कुणी सांगितलं?

चैत्रातल्या एका सकाळी लाईट आली. डबा उघडायला लागला. तो असा झटक्यात उघडत नाही, त्याला पाऊण मिनिट लागतं. आणि सुग्रीवचा अंगठा तर लाईट फाट्यावर असतानाच खिशात गेलेला! झालं. एक गडी डब्यानं उठवला, एक अंगठ्यानं. दोघं सारखेच, एकाच आईचे असावेत तसे, पण एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. गड्याला शिकवण अशी, की उठल्या उठल्या आधी मोटर बंद कर, सगळं तपास, मग चालू कर. पहिल्यानं मोटर चालू केली. दुसरा उठला, त्यानं शिकवणीप्रमाणं बंद केली. पहिला म्हणाला, ही बंद कशी पडली? त्यानं चालू केली. दुसरा म्हणाला, मी तर अजून तपासतोय, चालू कुणी केली? त्यानं बंद केली. चालू, बंद, चालू, बंद. साठ फूट विहिरीतली बेडकं पायऱ्या चढून वर आली आणि काठावर रांगेत बसून गंमत बघायला लागली. शेवटी मोटरीनं हात टेकले आणि पेटली. धूर असा उठला, की थेट पूर्णेपर्यंत गेला. तिथं जंक्शनवर एक रिटायर ड्रायव्हर राहतो. कोळशाचं इंजिन परत आलं असं समजून तो बिचारा जेवणाचा डबा घेऊन स्टेशनात जाऊन बसला.

"जिंतूर कुठं, पूर्णा कुठं!" बायनाबाई हसली. "काई बी."

वारा होता.

"आन्‌ काका, खिशात हात कशाला हालायलाय मगापासून?"

तंबाखूची पुडी आहे. सापडत नाही. ऐका.

मोटर जिंतूरला नेली, तांब्याची तार नव्यानं भरून आणली. आठ दिवसांनी पुन्हा जळाली. या वेळी कुणी हसलं नाही. वैशाख तोंडावर आलेला, टाकीत पाणी टाचेएवढं. सूर्यभान खोलीत आला, जळका वास घेतला आणि थंडपणानं म्हणाला, "सुग्रीव, पंचायतीकडं आता एकच जुनी मोटर उरलीय. ती जळाली तर मोटरीसंगं माणूस बी बदलू."

वैष्णवी चार दिवस त्या खोलीत बसून होती. आपण लिहिलेली एकेक ओळ काढून बघत होती. जेवायला घरी यायची तेव्हा तिच्या आवाजात काही उरलेलं नसायचं. "माझंच कायतरी चुकलंय अप्पा. पर कुठं, ते दिसंना." दिसत नाही असं म्हणायचा हक्क या घरात आजवर सुग्रीवचाच होता, आणि आता तो पोरीलाही लागला होता. खरं कारण त्याला माहीत होतं. दोन्ही वेळा फोन वाजायच्या आधीच अंगठा खिशात गेला होता, आणि दोन्ही वेळा त्यानं तो हळूच बाहेर काढून धोतराला पुसला होता, चोरून गूळ खाल्ल्यासारखा. पण सांगायचं कसं? लेकीनं एवढं सोन्यासारखं करून दिलं, आणि बापाला एक मिनिट थांबता आलं नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

पाचव्या दिवशी तीच येऊन पुढ्यात बसली. "अप्पा, मशीन एक वही लिहितंय. कोण कवा उठलं त्याची. त्यात दोन नोंदी हायेत. दहा बेचाळीसला गडी उठला. आन्‌ दोन सेकंदानं पुन्हा गडी उठला. डबा एकदाच उघडला होता."

सुग्रीवनं उजवा हात पुढं केला, मास्तरापुढं छडी खायला करतात तसा, अंगठा वर.

"ह्यो हाय तुझा दुसरा गडी."

पोरगी रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसता अंगठा हातात धरला. मग म्हणाली, "बटण काढून घेऊ का?"

"काढून घे. पर एखांद्या दिशी तुझा गडी न्हाईच उठला आन्‌ तू जिंतूरला आसलीस तर? गावाला पाणी कोण पाजंल?" आणि मग खाली मान घालून, "आन्‌ पोरी, ते बटण हाय तवर वाटतंय की मीच पाजायलोय."

म्हणून वैष्णवीनं बटण ठेवलं आणि गड्यालाच नवी रीत शिकवली. यष्टीत आपण काय करतो? गाडी लागली रे लागली, की खिडकीतून सीटवर दस्ती, म्हणजे आपला रुमाल, टाकायची. मागून येणारा दस्ती बघतो, समजतो जागा धरलीय, पुढं जातो. तसंच. जो गडी आधी उठेल त्यानं डब्यातल्या जागेवर दस्ती टाकायची आणि कामाला लागायचं. दुसऱ्यानं उठल्यावर आधी जागा बघायची. दस्ती दिसली, की मुकाट्यानं परत झोपायचं. मोटरीला हात लावायचा नाही.

दहा दिवस गाव सुखात. दोनदा तर सुग्रीवनं मुद्दाम दाबून बघितलं. दुसरा गडी उठे, दस्ती बघे, झोपे. शेवटची मोटर मांजरासारखी गुरगुरत पाणी चढवत होती.

अकराव्या दिवशी लाईट मध्येच गेली. काम करता करता गडी जागच्या जागी मेला. लाईट गेली, की गडी मरतोच, त्याला इलाज नाही. लाईट आली, की नवा उठतो. पण मेलेल्या गड्याला दस्ती उचलायला वेळ कुठला? दस्ती जागेवर तशीच. तासाभरानं लाईट आली, डबा उघडला, नवा गडी उठला, त्यानं जागेवर दस्ती बघितली आणि म्हणाला, कुणीतरी काम करतंय, आपण झोपू. झोपला. फोन वाजला नाही म्हणून सुग्रीवनं बटण दाबलं. आणखी एक गडी उठला, दस्ती बघितली, झोपला. सुग्रीवनं चाळीस वेळा दाबलं. चाळीस गडी उठले आणि चाळीस झोपले, आणि मोटरीला हात लावायला एक जण पुढं आला नाही. सगळे त्या मेलेल्याचा मान राखत होते!

वैष्णवी तेव्हा नेमकी परभणीला गेलेली. दुसऱ्या दिवशी येऊन तिनं दस्ती हातानं उचलली तेव्हा पाणी सुटलं. तोवर सुग्रीवच्या दारात बायांची रांग लागली होती. त्याला चेहरे दिसत नव्हते. पण स्टीलची घागर कुणाची, पितळेची कुणाची, प्लास्टिकचा हंडा कुणाचा, हे तो नुसत्या ठेवण्याच्या आवाजावरून सांगू शकत होता, आणि त्या दिवशी सगळ्याच जरा जोरात ठेवल्या जात होत्या.

मग तिनं दस्तीवर गड्याचा नंबर लिहायची रीत काढली. नव्यानं नंबर वाचायचा आणि त्या नंबराचा कुणी जिता आहे का ते बघायचं. नसेल तर दस्ती फेकून द्यायची. आता चुकायला जागाच नाही असं वाटलं. पण डबा नव्यानं उघडला, की आतली गिनती पुन्हा एकपासून सुरू होते. मेलेल्या गड्याचा नंबर होता सात. पुन्हा लाईट गेली, पुन्हा आली, आणि या खेपेला सात नंबर मिळाला डब्यात नुसती वेळ सांभाळणाऱ्या दुसऱ्या एका गड्याला, घड्याळवाल्याला. गड्यानं हाक मारली, सात नंबर जिता हाय का? घड्याळवाला म्हणाला, हाय की! गडी पुन्हा झोपला.

पाणी पुन्हा बंद. सूर्यभानचा निरोप आला. येत्या शुक्रवारी लाईट येईल तेव्हा आपण स्वतः टाकीपाशी हजर राहू, पाणी चढलं तर चढलं, नाहीतर भाच्याला चावी.

बुधवारी सुग्रीवची डोळे दाखवायची तारीख होती. वैष्णवी संगणक सोडू शकत नव्हती. सुग्रीव एकटाच निघाला. जिंतूरच्या स्टँडवर एका बाईला विचारलं, परभणी कोणती, आणि तिच्या मागं मागं चढला. गाडी गच्च भरलेली. माणसं दांड्याला लोंबकळत होती, एकमेकांचे पाय तुडवत होती. सुग्रीव हातानं चाचपडत पुढं सरकला, हाताला सीटची कड लागली, मांडी लागली नाही. म्हणजे रिकामी. बसला.

गाडीत एकदम शांत झालं.

कुणीतरी म्हणालं, "ओ मामा, दस्ती दिसंना का? जागा धरलीय."

सीटवर दस्ती होती आणि ती चाळीस माणसांना दिसत होती, त्याला सोडून. आता उठलो तर आंधळा, नाही उठलो तर भांडकुदळ. त्यानं भांडकुदळ व्हायचं ठरवलं. "कुणाची हाय दस्ती? ज्याची आसंल त्यानं बोलावं!"

कुणी बोललं नाही. मालक म्हणे दस्ती टाकून चहा प्यायला उतरला होता. गाडी सुटली, बोरी आलं, बोरी गेलं. मालक गाडीत चढलेलाच नव्हता. आणि जिंतूरपासून चाळीस माणसं त्या रिकाम्या जागेच्या भोवती उभी होती, एका चुरगळलेल्या दस्तीचा मान राखत. कंडक्टर तिकिटं फाडत आला. लोकांनी त्याच्याकडं तक्रार केली. तो म्हणाला, "दस्तीला तिकीट नसतं. बसलेल्याला असतं. ज्याचं बूड, त्याची जागा. उठला की मोकळी. मामा, कुठं?"

"परभणी," सुग्रीव म्हणाला, आणि हसायला लागला. लोकांना वाटलं, वेडा आहे. त्यानं तिथूनच लेकीला फोन लावला. "पोरी, दस्ती नको! गड्याला म्हण, सोता बस. बसला तवर त्याची जागा. मेला की आपोआप मोकळी. कुणी उचलायला लागत न्हाई, नंबर बघायला लागत न्हाई."

तिकडून वैष्णवी म्हणाली, "अप्पा, असं कुलूप आसतंय. गड्यानं हातात धरून ठेवायचं. गडी गेला की मशीन सोताच सोडवून घेतंय. मला पाठ हाय ते. लय दिसांपासून पाठ हाय. सुचलंच न्हाई."

"तुला दस्ती दिसत होती ना," सुग्रीव म्हणाला. "म्हणून."

डॉक्टरनं त्या दिवशी सांगितलं, की उजवा डोळा संपला, डाव्यात सावल्या राहतील, त्याही किती दिवस ते सांगता येत नाही. हे सुग्रीवनं घरी सांगितलं नाही. लेक एवढी खुशीत होती, आणि शुक्रवार परवावर आला होता.

"आरं देवा," बायनाबाई हळूच म्हणाली. तिनं हसायचं सोडलं होतं. भागवतरावांच्या फटफटीची चावी मगापासून वाजत होती, तीही वाजायची थांबली.

शुक्रवारी अर्धं गाव टाकीपाशी जमलं. आत खोलीत वैष्णवी, दार लावून. सुग्रीवचा बेत असा होता, की टाकीच्या पाइपाला पाठ लावून बसायचं. पाणी चढायला लागलं, की पाइप थरथरतो, पाठीला कळतं, मग वर बघितल्यासारखं करून "हिरवा" म्हणायचं. एकोणतीस वर्षांत एवढी युक्ती तर येतेच. पण सूर्यभानच्या कानावर काहीतरी गेलं होतं. यष्टीतल्या चाळीस जणांत त्या गावचे दोन जण असणारच.

"सुग्रीव," तो म्हणाला, "तू पाइपापाशी न्हाई, ह्या कट्ट्यावर बस. वीस पावलं लांब. लेकीला हाक मारायची न्हाई. तू पाणीवाला हायस ना? मग हितनंच बघून सांग, दिवा कोणता लागला. तेवढं सांगितलंस तर भाच्याचं नाव काढायचा न्हाई."

सुग्रीव कट्ट्यावर बसला. ऊन अंगावर येत होतं. वर जिथं दिवा असायला हवा तिथं पांढरं आभाळ, आणि आभाळात टाकीची एक करडी सावली. बाकी काही नाही. पोरं कुजबुजत होती, कुणाची तरी बांगडी वाजली, कुणीतरी खाकरलं. मग अंगठ्याला मुंग्या आल्या. लाईट! अंगठा खिशात गेला आणि त्यानं दाबलं, सवयीनं, आणि दाबताना त्याला पहिल्यांदाच भीती वाटली नाही. दाबू दे. उठू दे दुसरा गडी. जागेवर पहिला बसलेला असेल तर तो मुकाट्यानं झोपेल. पहिला उठलाच नसेल तर हाच बसेल. फोन मात्र सूर्यभाननं आधीच काढून घेतला होता, आणि तो वाजला का नाही, हे त्या माणसानं कुणाला कळू दिलं नाही.

"सांग," सूर्यभान म्हणाला.

आणि आता कुणी विश्वास ठेवणार नाही तो भाग. सुग्रीवनं मान वर केली. डॉक्टर म्हणाला होता सावल्या, पण त्या घटकेला सगळं धुकं बाजूला झालं, पडदा ओढावा तसं. टाकीच्या कठड्याचा एकेक गज दिसला, कठड्यावर बसलेली मैना दिसली, मैनेच्या चोचीतलं गवत दिसलं, आणि त्याच्या शेजारी दिवा. हिरवा. मुगाच्या कोंभासारखा, नुकता उगवल्यासारखा हिरवागार! सुग्रीव छातीवर हात ठेवून म्हणाला, "हिरवा हाय, मेंबरसाहेब." आणि पाइप गडगडला, आणि बायांच्या घागरी उठल्या. सूर्यभाननं मान खाली घातली. गडी आपल्या जागेवर बसलेला होता. दिवा कसा, तर अगदी हा आपल्या टाकीवरचा आत्ता लागलाय ना, बघा वर, अगदी तसाच हिरवा.

घागरींचा आवाज झाला नाही. कुणी उठलंच नाही.

"आश्रुबाकाका," बायनाबाई म्हणाली, "दिवा लाल हाय. मगापासून लालच हाय. आन्‌ खिशात काय दाबायलात तुमी?"